ॲपमधला साठा आणि साइटवरचा साठा पुन्हा पुन्हा जुळत नाही: फरकाची चाल बघून कारण शोधा

ॲप सांगतं, १६ मिलिमीटरची सळई साडेसहा टन शिल्लक आहे. यार्डात उभा असलेला बारबेंडर (सळई कापून वाकवणारा कारागीर) सांगतो, चार टनसुद्धा नाही. स्लॅब परवावर आलेला. मग फोनाफोनी, घाईची ऑर्डर, शेजारच्या इमारतीची सळई उसनी आणणं, आणि महिनाअखेरीला मोजणी. मोजणीनंतर कुणीतरी ‘साठा दुरुस्ती’चं बटण दाबतं, आकडे जुळतात, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढच्या महिन्यात फरक पुन्हा तिथेच.

साहित्याचा हिशेब वहीतून मोबाईलवर आणला की ही तक्रार हमखास येते. मी बरीच वर्षं साइटवरचं स्टोअर आणि पुरवठा बघतोय. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: प्रत्येक फरकाची एक चाल असते. एखादा फरक दर गाडीमागे थोडा थोडा वाढतो. एखादा बरोब्बर एका गाडीइतका असतो. एखादा आज दिसतो आणि उद्या आपोआप मिटतो. चाल ओळखली की कारण लवकर हाती लागतं. दुरुस्तीचं बटण नेमकी ती चालच पुसून टाकतं, म्हणून निदान चार आठवडे ते बटण बंद ठेवा. फरक तसाच राहू द्या आणि दर आठवड्याला वेगळ्या तक्त्यात लिहा: वस्तू, ॲपमधला आकडा, मोजलेला आकडा, तारीख आणि वेळ. सगळ्या वस्तूंचा तक्ता करायची गरज नाही. सळईचे चार-पाच व्यास, सिमेंट, वाळू आणि ज्याच्यामुळे काम अडतं अशा दोन-तीन वस्तू पुरेत.

मोजणीचा क्षण एकच हवा

निम्मे फरक मोजणीतच तयार होतात. एक माणूस यार्डात सळया मोजत असतो, त्याच वेळी दुसरीकडून माल कामावर जात असतो आणि फाटकावर एक गाडी उभी असते. अशा मोजणीतून आलेल्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही.

मी मोजणी सकाळी, काम सुरू होण्याआधी घेतो. त्याआधी नोंदी करणाऱ्या सगळ्यांचे फोन नेटवर्कमध्ये आणून सिंक करून घेतो. न उतरवलेली गाडी आवारात असेल तर तिचा नंबर बाजूला लिहून ठेवतो. मोजणी संपेपर्यंत एकही सळई हलत नाही. ॲपमधल्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट मोजणीच्या आधी काढायचा, नंतर नाही. एवढं केल्यावर मोठा वाटणारा फरक कितीदा तरी किरकोळ निघतो.

‘शिल्लक’ या शब्दाचा अर्थही याच वेळी तपासून घ्या. ॲपमधली शिल्लक म्हणजे आवारात असलेला सगळा माल की वापरायला मोकळा असलेला माल? चाचणीचा अहवाल यायचा बाकी असलेलं सिमेंट, परत पाठवायची म्हणून बाजूला काढलेली वाळू, दुसऱ्या स्लॅबसाठी राखून ठेवलेली सळई, हे सगळं एकाच आकड्यात मिसळलं असेल तर ॲप आणि बारबेंडर दोघेही आपापल्या जागी खरे असतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वस्तूपुढे आवारात किती, राखीव किती, तपासणीत किती आणि मोकळा किती, असे चार आकडे दाखवायला लावा. ऑर्डर देताना फक्त शेवटचा बघा.

फरक आवकेच्या ठरावीक टक्क्यात वाढतो

ही चाल सगळ्यात जास्त भेटते आणि सगळ्यात जास्त गैरसमज हीच करते. दर दहा टनांमागे दोन-तीनशे किलो असा फरक साठत जातो आणि लोक चोरीबद्दल बोलायला लागतात. मी आधी एककं बघतो.

सळई काट्यावर वजन करून येते आणि कामावर नगावर जाते. मधलं रूपांतर ॲप करतं, तेही नेहमीच्या सूत्राने: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. हे सूत्र पोलादाच्या ७८५० किलो प्रति घनमीटर या घनतेवरून आलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. प्रश्न सळईचा आहे. रोलिंगमध्ये ती नेमक्या सैद्धांतिक वजनाची निघत नाही, मानकं काही टक्के कमी-जास्त चालवून घेतात.

हिशेब करून बघा. १६ मिलिमीटरची सळई सूत्राने मीटरला १.५८ किलो, म्हणजे १२ मीटरचा नग १८.९६ किलो. आता लॉट, म्हणजे एकत्र तयार होऊन आलेला माल, ३ टक्के जड निघाला तर नग साधारण १९.५३ किलोचा होतो. काट्यावर १० टन उतरले तर प्रत्यक्षात नग आले ५१२. हे सगळे नग कामावर गेले की ॲप ५१२ गुणिले १८.९६ म्हणजे ९,७०७ किलो वजा करतं आणि २९३ किलो ‘शिल्लक’ दाखवत राहतं. यार्डात एक तुकडाही नसतो. लॉट ३ टक्के हलका निघाला तर उलटं होतं: नग येतात ५४३, ते सगळे खर्ची टाकले की ॲपमधला साठा २९५ किलोने उणे होतो. चोरी नाही, गफलत नाही, कुणाचा हलगर्जीपणाही नाही.

उपाय असा की आवक नोंदवताना वजन आणि नग दोन्ही लिहायचे, आणि रूपांतराचा आकडा वस्तूला न जोडता लॉटला जोडायचा. प्रत्येक लॉटमधून मोजून एक-एक मीटरचे दोन-तीन तुकडे काट्यावर ठेवले की त्या लॉटचं खरं वजन मिळतं. तुमच्या ॲपमध्ये लॉटनिहाय रूपांतराची सोय नसेल तर सळईचा साठा सरळ नगांत ठेवा आणि वजन फक्त बिलासाठी वापरा. माझ्या मते लहान साइटला हाच मार्ग बरा.

वाळूचं दुखणं वेगळं आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात, आणि वजनाच्या सुमारे ४ ते ८ टक्के ओलावा असताना घनफळ २० ते ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. वाळू जितकी बारीक तितका फुगवटा जास्त. ती पूर्ण भिजली की पुन्हा बसते. त्यामुळे घनमीटरवर घेतलेली वाळू पावसाळ्यात ‘गायब’ होते आणि उन्हाळ्यात तीच तक्रार बंद पडते. फरक ऋतूप्रमाणे बदलत असेल तर एका सरळ भिंतीच्या भांड्यात २०० मिलिमीटर उंचीपर्यंत ओली वाळू सैल भरा, मग पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. उंची १६० वर आली तर फुगवटा ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. आवक नोंदवताना मोजलेलं घनफळ १.२५ ने भागा, किंवा वाळू वजनावर घेऊन ओलावा वजा करा.

सिमेंटच्या गोण्यांमध्ये गोंधळ लगेच ओळखू येतो. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे ॲपमधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, एकक नुसतं ‘बॅग’ असं लिहिलेलं असतं आणि माल कधी ५० किलोच्या तर कधी २५ किलोच्या गोणीतून येतो. फरक दुपटीचा किंवा निमपटीचा दिसला की तिथेच बघा.

सायलोतल्या सिमेंटची पातळी सेन्सर मोजत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हवेच्या दाबाने भरलेलं सिमेंट भरल्याभरल्या फुललेलं असतं. रात्रभरात ते बसतं आणि कुणी हात न लावताही पातळी खाली जाते. वर शंकूसारखा ढीग किंवा मधे खड्डा झालेला असला तर सेन्सर फक्त एकाच बिंदूची उंची वाचतो. अशा सायलोत पातळीवरून टन काढण्यापेक्षा पायांखाली लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) बसवणं परवडतं. ते शक्य नसेल तर निदान भरल्यानंतर लगेचचं वाचन हिशेबात धरू नका.

फरक ठरावीक गाड्यांवरच येतो

हे मी अनुभवलेलं सांगतो. एका कामावर २० मिलिमीटरच्या सळईत दर महिन्याला तूट यायची. नग, लॉट, रूपांतर सगळं तपासून झालं होतं. संशय रात्रीच्या वॉचमनवर गेला आणि त्याला दुसरीकडे हलवलं. पुढच्या महिन्यात तूट पुन्हा आली. तेव्हा मी सगळ्या आवकेची यादी तारखेऐवजी गाडीच्या नंबरप्रमाणे लावली. तूट फक्त दोन गाड्यांच्या खेपांवर होती.

काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गाड्यांचं रिकामं वजन कधीतरी एकदा साठवून ठेवलेलं होतं. गाडी आली की फक्त भरलेलं वजन व्हायचं, रिकामं वजन सॉफ्टवेअर स्वतःच वजा करायचं. मधल्या काळात गाड्यांना जादा फळ्या लागल्या, चेसिसवर चिखलाचा थर चढला. डिझेलची ३०० लिटरची टाकी भरलेली आहे की रिकामी एवढ्यानेच सुमारे अडीचशे किलोचा फरक पडतो. त्या दोन गाड्यांचं खरं रिकामं वजन साठवलेल्या आकड्यापेक्षा जास्त होतं, म्हणून प्रत्येक खेपेला न आलेला माल आवकेत चढत होता. त्या वॉचमनला मी स्वतः जाऊन भेटलो आणि चूक आमची होती हे सांगितलं. तेव्हापासून कारण सापडेपर्यंत माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मी पाळतो आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही पाळायला लावतो.

उपाय: साठवलेलं रिकामं वजन बंद करा. प्रत्येक खेपेला भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं घ्या आणि दोन्ही काटापावत्यांचे फोटो त्याच नोंदीला जोडा. वेळेअभावी हे शक्य नसेल तर साठवलेल्या वजनाला मुदत घाला. काही दिवसांनी ते आपोआप रद्द व्हावं आणि गाडी पुन्हा रिकामी तोलल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये.

फरक बरोबर एका चलनाइतका

१०.२४० टनांचं चलन (मालासोबत येणारी पुरवठादाराची पावती) आणि फरकही १०.२४० टनांचा. हे कारण सापडायला सोपं असतं. ॲपमध्ये माल जास्त दिसत असेल तर तेच चलन दोनदा चढलंय, कमी दिसत असेल तर चढलंच नाही.

दोनदा चढण्यामागे बहुधा नेटवर्क असतं. तळघरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभा माणूस ‘सेव्ह’ दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. त्याच वस्तूच्या, त्याच वजनाच्या दोन नोंदी काही मिनिटांच्या अंतराने दिसल्या तर हेच झालंय. याचा बंदोबस्त सॉफ्टवेअरवाल्यांनी करायचा असतो: फॉर्म उघडताच फोनमध्येच त्या नोंदीला एक न बदलणारा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो पुन्हा चढवता कामा नये. त्यांना हेच शब्द सांगा, म्हणजे टाळाटाळ होणार नाही. तोवर तुमच्या हातात एवढं आहे की पुरवठादार आणि चलन क्रमांक ही जोडी दुसऱ्यांदा घेऊ नको, असं ॲपला सांगायचं. चलन क्रमांक हाताने टाइप होत असेल तर ००४५ आणि ४५ ही दोन वेगळी चलनं ठरतात, म्हणून तो स्कॅन करून घ्या.

दुसरी शक्यता माणसांच्या कामाच्या वाटणीतली. फाटकावरचा माणूस गाडी स्कॅन करतो आणि स्टोअरकीपरही करतो, दोघांच्या नोंदीने साठा वाढतो. फाटकावरच्या नोंदीचा अर्थ ‘गाडी आली’ एवढाच ठेवा. साठा वाढायचा तो माल उतरवून, मोजून, नाकारलेला भाग वगळल्यावर, एकाच माणसाच्या नोंदीने.

चलन चढलंच नसेल तर फोन बघा. ऑफलाइन नोंदी कुणाच्या तरी खिशातल्या फोनमध्ये पडून असतात आणि तो माणूस सुट्टीवर गेलेला असतो. मोठे फोटो रांगेत अडकले की त्यांच्या मागची साधी नोंदही पुढे जात नाही, असंही मी पाहिलंय. मजकूर आधी जाऊ द्या, फोटो सवडीने. आणि ‘सिंक व्हायच्या बाकी नोंदी: इतक्या’ हा आकडा पहिल्याच पडद्यावर ठळक दिसला पाहिजे.

आज दिसतो, उद्या मिटतो

काल तूट, आज तेवढीच वाढ, दोन दिवसांची बेरीज शून्य. यात साठा बरोबर असतो, तारीख चुकलेली असते. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि रोजचा अहवालही त्याच वेळेने कापला जातो. स्थानिक वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी आवक कालच्या तारखेला पडते. काँक्रीट रात्रीचं ओतलं जात असेल तर हा घोळ रोज होणार. वेळ यूटीसीत साठवायला हरकत नाही, पण अहवाल साइटच्या घड्याळाने काढायला सांगा. फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही साठवा, कारण काही फोनांची घड्याळं चुकीची असतात आणि ऑफलाइन नोंदीला तीच वेळ लागते.

एक वाढतं, दुसरं तेवढंच घटतं

‘सळई १६’, ‘१६ मिमी बार’ आणि ‘टीएमटी १६’ या तीन नावांनी एकच वस्तू आयटम मास्टरमध्ये असते. आवक एका नावावर होते, जावक दुसऱ्या. तिन्हींची बेरीज केली की साठा जुळतो. दुहेरी नावं एकत्र करा आणि नवीन वस्तू तयार करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

पण नावं स्वच्छ असूनही हा प्रकार होत असेल तर मधे कुठे एक्सेल आहे का ते शोधा. पुरवठादाराने पाठवलेली यादी कुणीतरी एक्सेलमध्ये उघडतं, सेव्ह करतं आणि ॲपमध्ये चढवतं. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच नेमके ठेवतं, पुढच्यांच्या जागी शून्य येतात. पॅलेटवर लागणारा एसएससीसी क्रमांक (जीएसवन या बारकोड पद्धतीतली पॅलेटची ओळख) १८ अंकी असतो. म्हणजे शेवटचे तीन अंक गेले. त्यातला शेवटचा पडताळणीचा अंक असतो, त्यामुळे क्रमाने छापलेले शंभर पॅलेट एकाच क्रमांकाचे होऊन बसतात. क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळून पडतात ते वेगळंच. सळईच्या जुडीवर ‘५-१२’ अशी खूण असेल तर तिची तारीख होते. गेलेले अंक त्या फाइलमधून परत मिळत नाहीत, मूळ फाइलच पुन्हा मागवावी लागते. यादी उघडताना दुहेरी क्लिक करू नका. ‘डेटा’मधून आणा आणि क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा. त्याहून चांगलं म्हणजे एक्सेलची पायरीच काढून टाका.

फरक कुठल्याही दिशेला, कधीही

याला चालच दिसत नसेल आणि तुमच्याकडे टॅग, रीडर किंवा जीपीएस असेल तर तिथून सुरुवात करा.

साइटवर सहसा वापरले जाणारे बिनबॅटरीचे यूएचएफ आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या) ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. साधा टॅग सळईच्या जुडीला चिकटवला की तो मुका होतो. ताज्या काँक्रीटमध्ये बसवलेला टॅग सुरुवातीला नीट वाचला जात नाही, काँक्रीट वाळत जाईल तसा सुधारतो. धातूसाठी वेगळे, मधे अंतर ठेवणारे टॅग मिळतात, किंवा टॅग तारेला लटकता ठेवता येतो.

न वाचण्यापेक्षा नको ते वाचणं मला जास्त त्रासदायक वाटतं. फाटकावरचा रीडर शेजारी रचून ठेवलेले प्रीकास्ट पॅनेलही वाचतो आणि ॲप त्यांना ‘बाहेर गेले’ म्हणून खर्ची टाकतं. रीडरची शक्ती कमी करा, अँटेनाचं तोंड वळवा, गाडी समोर आल्यावरच रीडर सुरू होईल असा सेन्सर जोडा. दोन अँटेना ठेवल्या तर आधी कुठली वाचली यावरून आत-बाहेर कळतं. फाटकाजवळ माल रचू नका हा उपाय फुकटचा आहे, आणि मी तो पहिल्यांदा करतो.

खरं सांगायचं तर सळई, वाळू, खडी यांना टॅग लावण्याच्या मी विरोधात आहे. ज्या वस्तूला स्वतःची ओळख आहे तिलाच टॅग शोभतो: प्रीकास्ट पॅनेल, खिडक्या, पंप, लिफ्टचे भाग, शटरिंगचे संच. बाकीच्यांना साधा क्यूआर पुरतो. क्यूआर छापताना मात्र चूकदुरुस्तीची वरची पातळी, ‘एच’, निवडा. तीत कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, ‘एल’ पातळीत जेमतेम ७ टक्के. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा सोडा, कागदाऐवजी प्लॅस्टिक वापरा आणि दोन बाजूंना लावा, कारण रचलेल्या मालाची एक बाजू नेहमी दुसऱ्या मालाला टेकलेली असते.

तयार काँक्रीटच्या गाड्यांमध्ये जीपीएसची सीमारेषा खोड्या करते. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत बरोबर असतं, पण उंच इमारतीच्या कडेला सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि गाडी भलतीकडे दिसते. बाजूच्या रस्त्यावरून जाणारी गाडीही ‘पोचली’ म्हणून नोंदली जाते. ‘पोचली’ म्हणण्याआधी तीन गोष्टी जुळाव्यात: गाडी सीमेच्या आत आहे, वेग जवळपास शून्य आहे, आणि असं काही मिनिटं राहिलंय. आणि ‘पोचली’ म्हणजे ‘ओतलं’ नव्हे. काँक्रीट खर्ची पडायचं ते साइटवरच्या माणसाने पावती मान्य केल्यावर.

रोज थोडी थोडी तूट, आणि फक्त तूटच

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी शिल्लक हळूहळू कमीच होत असेल, तर माल नोंदीशिवाय बाहेर पडतोय. याचा अर्थ बाहेर चोरीला जातोय असाच होत नाही. बहुतेक तो कामातच लागलेला असतो.

सकाळी सहाला काँक्रीटिंग सुरू होतं, स्टोअर आठला उघडतं. मुकादम माल घेऊन जातो, नोंद संध्याकाळी आठवणीने होते, आणि आठवणीतून बाइंडिंग वायर आणि कव्हर ब्लॉक गळतात. स्लॅबमधल्या चेअर (सळईची वरची जाळी उचलून धरणारे आधार) बारबेंडर उरलेल्या तुकड्यांतून करतो, तुकडे संपले की आख्खी सळई कापतो. एका इमारतीचा माल दुसरीकडे जातो आणि परत येतो, दोन्ही वेळा तोंडी. जावक नोंदीचा फॉर्म चौदा रकान्यांचा असेल तर घाईत असलेला माणूस तो भरणार नाही, आणि त्यात मी त्याला दोष देत नाही. काय, किती, कुठे: तीन रकाने ठेवा. बाकी सगळं ॲपने स्वतः भरावं. स्टोअर बंद असताना माल घ्यायची वेळ येणारच, हे धरून मुकादमालाही नोंदीचा अधिकार द्या.

काही प्रणाल्या जावक नोंदवायला सांगतच नाहीत. काम पूर्ण झालं अशी खूण केली की आराखड्यातल्या प्रमाणानुसार साठा आपोआप वजा होतो. सोय छान आहे, पण ते प्रमाण निव्वळ असतं का ते विचारा. बीआयएम मॉडेलमधून (इमारतीच्या संगणकावरच्या त्रिमितीय आराखड्यातून) काढलेल्या आकड्यात सळईचे लॅप (जोडावर एकमेकींवर येणारी लांबी), चेअर, कापण्यातली नासाडी बहुधा धरलेली नसते. कितीतरी मॉडेलांत सळई काढलेलीच नसते, काँक्रीटच्या घनमीटरवर ठोकताळा लावलेला असतो. मग जी काही नासाडी होते ती सगळी ‘साठ्यातला फरक’ म्हणून समोर येते. प्रत्येक ओतणीनंतर बारबेंडिंग शेड्यूलप्रमाणे (सळयांच्या मापांच्या आणि संख्येच्या यादीप्रमाणे) लागायला हवी होती ती सळई आणि प्रत्यक्ष दिलेली सळई शेजारी शेजारी लिहा. चार-पाच स्लॅबनंतर तुमच्या साइटची खरी नासाडी कळेल. तो आकडा प्रणालीत घाला.

कारण मिळाल्यावर

आता दुरुस्तीचं बटण दाबायला हरकत नाही, पण कारण निवडल्याशिवाय ते दाबलं जाऊ नये. कारणांची यादी छोटी ठेवा: रूपांतर, दुहेरी नोंद, राहिलेली नोंद, नासाडी, काट्यातला फरक, हरवलेला माल. ‘इतर’ हा पर्याय ठेवलात तर सगळे तोच निवडतील.

फरक सुटल्यावरही काही दिवस ऑर्डरी फुगलेल्याच येतील. ज्या इंजिनिअरला ॲपने एकदा तोंडघशी पाडलंय तो पुढे शंभरच्या जागी एकशेवीस मागतो. खरेदी विभाग त्यावर आपली भर घालतो, पुरवठादार आणखी. साखळीत मागणी अशी टप्प्याटप्प्याने फुगत जाते हे एमआयटीतले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं, आणि बांधकामात ते उघड्या डोळ्यांनी दिसतं: यार्डात गंजणारी सळई आणि तरीही रोजची घाई. मागणीच्या फॉर्ममध्ये ‘लागणारं’ आणि ‘राखीव म्हणून जादा’ हे दोन वेगळे रकाने करा. जादा मागायला कुणाला लाज वाटू नये, फक्त ते दिसलं पाहिजे. पुढच्या सहा आठवड्यांच्या कामाची यादी ॲपमधल्या मोकळ्या साठ्याशी दर आठवड्याला ताडून बघा. सलग काही आठवडे आकडे खरे निघाले की इंजिनिअर आपणहून जादा मागणं कमी करतात. हे मी दोन साइटवर पाहिलंय.

सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे तक्रार नेण्याची वेळ आली तर ‘साठा जुळत नाही’ एवढंच कळवू नका. एकच वस्तू निवडा. तिच्या चार साप्ताहिक मोजण्या, प्रत्येक वेळचा फरक, त्या काळातल्या सगळ्या आवक-जावक नोंदी फोनच्या आणि सर्व्हरच्या वेळेसह, एकक आणि रूपांतराचा आकडा, काटापावत्यांचे फोटो, आणि नोंदी केलेल्या फोनांवरची ॲपची आवृत्ती, एवढं एकत्र पाठवा. सोबत फरकाची चाल कशी आहे ते एका वाक्यात लिहा.